लेझर हेअर रिमूव्हल: यंत्रांची तुलना कशी करायची आणि निकाल कसा मोजायचा

‘८०८ नॅनोमीटर डायोड’ असं एकच लेबल असलेली दोन यंत्रं शेजारी ठेवली, तर त्यातलं एक केसाच्या मुळाचा निकाल लावतं आणि दुसरं त्याला नुसता शेक देतं, असं सहज होऊ शकतं. म्हणून ‘अलेक्झांड्राइट चांगला की डायोड’ या, लेझरच्या दोन प्रकारांवरच्या वादातून फारसं काही हाती लागत नाही. आधी बघायचे ते यंत्राचे तीन आकडे: तरंगलांबी, दर चौरस सेंटिमीटरला मिळणारी ऊर्जा आणि ती किती मिलिसेकंदांत मिळते. मग ते आकडे तुमच्या त्वचेच्या रंगाशी आणि केसांच्या जाडीशी जुळवायचे. आणि शेवटी, काम झालं की नाही हे आरशात बघून न ठरवता केस मोजून ठरवायचं.

उष्णता नेमकी कुठे जायला हवी

१९८३ साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेलं तत्त्व आजही प्रत्येक यंत्राच्या मुळाशी आहे. ज्या रंगद्रव्याला तापवायचं आहे ते शोषून घेईल असा प्रकाश निवडा आणि तो इतक्या कमी वेळात द्या की उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच काम होईल. केसाच्या बाबतीत हे रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन. प्रकाश केसाचा दांडा तापवतो आणि ती उष्णता केसाला नवा जन्म देणाऱ्या पेशींपर्यंत पोचते. या पेशी दोन ठिकाणी असतात: वर साधारण दीड मिलिमीटर खोलीवर, आणि तळाशी केसाच्या कंदात. कंद जागेनुसार २ ते ७ मिलिमीटर आत असू शकतो.

अडचण अशी की मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असतं. त्वचा जितकी सावळी, तितका प्रकाश वरच्या वर अडतो. तो मुळापर्यंत पोचत नाही आणि अडलेल्या जागी भाजतो. सगळी यंत्रं, त्यांची कूलिंग आणि त्यांचे वेगवेगळे मोड ही याच एका अडचणीवरची वेगवेगळी उत्तरं आहेत.

यातूनच एक नकार निघतो, तो आधीच स्वीकारलेला बरा. पांढरे, सोनेरी किंवा तांबूस केस कोणत्याही लेझरने जात नाहीत, कारण तापायला मेलॅनिनच नसतं किंवा चुकीच्या प्रकारचं असतं. बारीक फिकट लवेचंही तेच. अशा केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस आहे. त्यात एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून वीज दिली जाते. काम कंटाळवाणं, पण केसाच्या रंगाशी त्याला काही देणंघेणं नाही.

कोणती तरंगलांबी कोणाला

रूबी लेझर, ६९४ नॅनोमीटर, आता मुख्यतः इतिहासजमा. मेलॅनिन तो इतक्या जोरात शोषतं की अगदी गोऱ्या त्वचेपलीकडे तो धोक्याचा ठरतो.

अलेक्झांड्राइट, ७५५ नॅनोमीटर. मेलॅनिनवर पकड घट्ट, त्यामुळे तुलनेने बारीक केसांवरही तो चालतो. फिट्झपॅट्रिक माप त्वचेचे अगदी गोरी ते गडद काळी असे सहा प्रकार करतं. त्यातल्या पहिल्या तीन प्रकारांच्या त्वचेला, म्हणजे उन्हात लाल होणाऱ्या आणि थोडी रापणाऱ्या किंवा मुळीच न रापणाऱ्या त्वचेला, हा उत्तम. चौथ्या प्रकारात हात जपून चालवावा लागतो. पाचव्या-सहाव्यात याच्या वाटेला न गेलेलं बरं.

डायोड, ८०० ते ८१० नॅनोमीटर. मधला मार्ग. थोडा जास्त खोल जातो, मेलॅनिनवरची पकड किंचित सैल. राठ, काळ्या केसांवर पहिल्या ते चौथ्या प्रकारापर्यंत याचे निकाल अलेक्झांड्राइटच्या तोडीचे असतात. पल्स, म्हणजे प्रकाशाचा एकेक फटका, लांबवून आणि चांगली कूलिंग ठेवून पाचव्या प्रकारावरही काम होतं. बाजारातली सगळ्यात जास्त यंत्रं याच गटातली, आणि सगळ्यात जास्त फसवाफसवीही याच गटात.

एनडी-याग, १०६४ नॅनोमीटर. मेलॅनिन हा प्रकाश सगळ्यात कमी शोषतं, म्हणून सावळ्या आणि काळ्या त्वचेला तो सगळ्यात सुरक्षित. त्याच कारणाने केसही कमी तापतो, मग ऊर्जा जास्त द्यावी लागते, दुखतं जास्त आणि बारीक केसांवर परिणाम तोकडा पडतो. काळ्या त्वचेवरच्या राठ केसांसाठी हाच पहिला पर्याय. गोऱ्या त्वचेवरच्या बारीक केसांसाठी तो वापरणं म्हणजे हाती चांगलं साधन असताना दुबळं उचलणं.

आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) हा लेझरच नव्हे. झेनॉनच्या दिव्याचा झोत फिल्टरमधून गाळून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा पट्टा त्वचेवर टाकला जातो. त्यातला काही भाग केसाच्या उपयोगाचा, काही वरच्या थरात वाया जाणारा. कुशल हातात गोरी त्वचा आणि काळे केस असतील तर निकाल मिळतो, पण सावळ्या त्वचेवर चुकीला वाव फारच कमी. ‘लेझर’ या नावाखाली आयपीएल सर्रास विकलं जातं. ओळखायचं कसं? यंत्रावरची पट्टी वाचा. तरंगलांबीचा एकच आकडा, किंवा सुटे दोन-तीन आकडे असतील तर लेझर. ‘५३०–१२००’ अशी रेंज असेल तर आयपीएल. व्यावसायिक लेझरवर सहसा लेझर क्लास ४ असा इशारा छापलेला असतो.

काही यंत्रांत एकाहून जास्त तरंगलांब्या असतात, आणि इथे एक बारकावा आहे. जेंटलमॅक्स प्रो या यंत्रात ७५५ आणि १०६४ आलटून-पालटून निवडता येतात. एकाच माणसाच्या काखेला एक आणि पाठीला दुसरी, असं करता येतं. सोप्रानो आइस प्लॅटिनमसारख्या यंत्रात ७५५, ८१० आणि १०६४ एकाच हँडपीसमधून, म्हणजे त्वचेवर फिरवायच्या मुठीतून, एकत्र येतात. एकत्र आल्या म्हणून परिणामांची बेरीज होत नाही. ऊर्जा तिघींत वाटली जाते, आणि सावळ्या त्वचेवर ७५५ चा वाटा धोका घेऊनच येतो. ‘तीन तरंगलांब्या’ हे शब्द ऐकून कोणी हुरळून जाऊ नये.

अभ्यास काय सांगतात? कोक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २००६ च्या आढाव्यात अलेक्झांड्राइट आणि डायोडने सहा महिन्यांपर्यंत सुमारे ५० टक्के केस कमी झाल्याचं दिसलं. आयपीएल, एनडी-याग आणि रूबीबद्दल तेव्हा पुरावाच तोकडा होता. पुरावा तोकडा असणं आणि परिणाम नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवावं. अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था एफडीएसुद्धा या यंत्रांना ‘कायमची घट’ एवढंच म्हणू देते, म्हणजे उपचारांच्या मालिकेनंतर पुन्हा उगवणाऱ्या केसांच्या संख्येत झालेली टिकाऊ घट. ‘सगळे केस कायमचे गायब’ असं वचन देणारा माणूस ही व्याख्या तरी वाचलेला नाही, किंवा वाचूनही विसरलेला आहे.

आकडे वाचायचे कसे

पहिला आकडा फ्लुएन्स, म्हणजे ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. पण तो एकटा काहीच सांगत नाही. त्वचेत शिरलेला प्रकाश बाजूला विखुरतो. झोत अरुंद असेल तर बराचसा कडेने निसटतो आणि खोलवर फारच थोडा पोचतो. म्हणून ८ मिलिमीटरच्या स्पॉटने, म्हणजे तेवढ्या रुंदीच्या झोताने, दिलेले २० ज्यूल आणि १८ मिलिमीटरच्या स्पॉटने दिलेले २० ज्यूल तळाशी सारखे नसतात. मोठा स्पॉट बहुतेक वेळा सरस. पाय आणि पाठीसाठी १५ ते २० मिलिमीटर असला तर उत्तम; वरच्या ओठासारख्या जागी छोटा चालवून घ्यावा लागतो.

दुसरा आकडा पल्सचा कालावधी. वरचा थर साधारण ३ ते १० मिलिसेकंदांत निवतो, तर जाड केसाचं मूळ निवायला १० ते १०० मिलिसेकंद लागतात. या फरकातच सगळी किमया आहे. ३० मिलिसेकंदांची पल्स दिली की त्वचेला मधल्या मधे उष्णता सोडायला सवड मिळते आणि जाड केस मात्र तापत राहतो. सावळ्या त्वचेला लांब पल्स हवी ती यासाठीच. पण केस बारीक असेल तर तोही लगेच निवतो. त्याला ३ ते १० मिलिसेकंदांची छोटी पल्स लागते. सावळी त्वचा आणि बारीक केस ही जोडी म्हणूनच सगळ्यात अवघड.

आता सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर. जाहिरातीत वॅट मिरवतात: १२००, २०००. हा आकडा अनेकदा यंत्र वीजपुरवठ्यातून घेतं त्या शक्तीचा असतो, हँडपीसच्या टोकाशी निघणाऱ्या प्रकाशाचा नव्हे. हिशोब स्वतः करा. प्रकाश बाहेर पडतो ती खिडकी १ चौरस सेंटिमीटरची आहे आणि ३० मिलिसेकंदांत २० ज्यूल द्यायचे आहेत, तर २० भागिले ०.०३, म्हणजे टोकाशी सुमारे ६७० वॅट लागतील. यंत्राची खरी ताकद २०० वॅटच असेल तर तेच २० ज्यूल द्यायला त्याला १०० मिलिसेकंद लागतील. खिडकी २.४ चौरस सेंटिमीटरची असेल तर लागणारी ऊर्जा ४८ ज्यूल आणि वेळ २४० मिलिसेकंद. पडद्यावर मात्र दोन्ही वेळा ‘२० ज्यूल’ असंच झळकत राहील. राठ केसाला एवढा वेळ कदाचित चालेल. मध्यम आणि बारीक केस तोवर निवून जातील.

म्हणून विकणाऱ्याला किंवा उपचार करणाऱ्याला थेट विचारा: माझ्या त्वचेवर किती ज्यूल, किती मिलिसेकंद, किती मिलिमीटरचा स्पॉट? हे तीन आकडे दर सिटिंगच्या नोंदीत लिहून मागा. जो सांगत नाही त्याच्याकडे यंत्र कितीही महागडं असो, तुलनेला आधारच उरत नाही.

‘पेनलेस’ किंवा एसएचआर (सुपर हेअर रिमूव्हल) मोडचा हिशोब वेगळा. यात साधारण १० ज्यूलच्या आतल्या कमी ऊर्जेच्या पल्स सेकंदाला १० वेळा सोडत हँडपीस सतत फिरवतात. १ चौरस सेंटिमीटरची खिडकी, १० ज्यूल, १० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० ज्यूल. १० बाय १० सेंटिमीटरच्या चौकोनात एक मिनिट फिरवलं तर ६००० ज्यूल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एकूण ६०. हे ६० म्हणजे एका फटक्यातले ६० नव्हेत. इथे मूळ हळूहळू तापवलं जातं. दुखतं खरोखरच कमी. पण सगळा भार हात फिरवणाऱ्यावर: चौकोन मोठा आखला, मिनिट अर्धवट सोडलं किंवा हात रेंगाळला की हिशोब कोसळतो. अशा यंत्राची चौकशी करताना किती जागेला किती किलोज्यूल देणार, हे विचारायचं.

कूलिंगकडे ‘आरामाची सोय’ म्हणून बघू नये. जास्त ऊर्जा सुरक्षितपणे देण्याची मुभा तिच्यामुळेच मिळते. थंड नीलमण्याची काच त्वचेवर टेकवणं, पल्सआधी क्रायोजेनचा फवारा मारणं आणि थंड हवेचा झोत सोडणं, हे तीन मुख्य प्रकार. काचेच्या प्रकारात हँडपीस घट्ट दाबायचा असतो. दाबल्याने मूळ वर सरकतं आणि मधलं रक्तही बाजूला होतं. नुसतं टेकवून फिरवणाऱ्याकडे हा फायदा वाया जातो.

शेवटचा मुद्दा यंत्राच्या वयाचा. डायोडचे बार आणि आयपीएलचे दिवे झिजतात. पडद्यावरचा आकडा तोच राहतो, बाहेर पडणारा प्रकाश घटतो. किती शॉट झाले आणि ऊर्जा-मापकाने शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारायला अजिबात संकोचू नका. ‘पूर्वी इथे फार छान व्हायचं, आता होत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

घरगुती यंत्रं

घरगुती यंत्र मुद्दामच दुबळं बनवलेलं असतं, कारण ते प्रशिक्षण नसलेल्या हातात जाणार असतं. फिलिप्स लुमिया किंवा ब्राउनची आयपीएल यंत्रं साधारण ३ ते ६ ज्यूलच्या आसपास काम करतात. ट्रिया हे ८१० नॅनोमीटरचं घरगुती डायोड लेझर २० ज्यूलच्या घरात जातं, पण त्याची खिडकी इतकी लहान की दोन्ही पाय करायला भरपूर चिकाटी लागते.

एवढ्या कमी ऊर्जेत बहुतेक मुळं मरत नाहीत. ती वेळेआधी विश्रांतीच्या टप्प्यात ढकलली जातात. सुरुवातीचे दोन-तीन महिने, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला वापरल्यावर फरक छान दिसतो. वापर थांबवला की काही महिन्यांत बरेच केस परततात. यात यंत्र बिघडलेलं नसतं, त्याची पोचच तेवढी आहे. राखण म्हणून अधूनमधून वापर चालू ठेवण्याची तयारी असेल तरच ते घ्यावं.

त्वचेचा रंग ओळखणारा सेन्सर ‘नाही’ म्हणाला तर त्याला चकवायचं नाही. पुढच्या हाताच्या उजळ भागावर सेन्सर समाधानी करून मग काखेवर चालवणं, हा भाजून घेण्याचा खात्रीचा उपाय. लाखो फ्लॅशचा आकडा वाचून भुलू नका. दोन पाय, दोन काखा आणि वरचा ओठ वर्षानुवर्षं करूनही एवढे फ्लॅश सहसा संपत नाहीत.

केस मोजायची पद्धत

बहुतेकांची तुलना इथेच फसते. सिटिंगनंतर एक ते तीन आठवड्यांत जळालेले केस गळून पडतात, त्वचा गुळगुळीत दिसते आणि माणूस खूश होऊन पैसे भरतो. त्या आठवड्यांत कोणतंही यंत्र चांगलंच दिसतं.

१. शेवटचं वॅक्सिंग, थ्रेडिंग किंवा उपटणं होऊन निदान सहा आठवडे जाऊ द्या. नाहीतर सुरुवातीची मोजणीच खोटी कमी येते.

२. जागा निवडा: एका पायावर तीन, प्रत्येकी २ बाय २ सेंटिमीटर. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यात तेवढे चौकोन कापा आणि त्याच तुकड्यावर जवळचे तीळ, गुडघ्याची वाटी, घोट्याचं हाड यांच्या खुणा करा. पुढच्या वेळी तुकडा त्याच खुणांवर बसवला की तोच चौकोन सापडतो. खुणेचा तीळ चौकोनाबाहेर असावा; तिळावर लेझर मारत नाहीत.

३. रेझरने दाढी करतात तसं त्वचेलगत साफ करा आणि बरोबर सात दिवस थांबा.

४. सातव्या दिवशी फोटो काढा. दिवा एका बाजूने, फ्लॅश बंद, अंतर दर वेळी सारखं, चौकोनाशेजारी पट्टी ठेवलेली. मोठ्या पडद्यावर प्रत्येक केसावर एकेक ठिपका देत मोजा. राठ केस आणि लव वेगळी मोजा, कारण उरलेले केस बारीक होणं हासुद्धा परिणामच आहे.

५. तोच फोटो दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. दोन मोजण्यांत जितका फरक येतो तितकी तुमची चूक. पुढे दोन यंत्रांमधला फरक त्याहून लहान निघाला, तर त्याला फरक म्हणू नका.

६. दर सिटिंगआधी, रेझर फिरवण्यापूर्वी, हेच करा. खरा निकाल मात्र शेवटच्या सिटिंगनंतर सहा महिन्यांनी. बारा महिन्यांनी पुन्हा पाहिलं तर अधिक चांगलं.

उदाहरण: आधी तीन चौकोनांत ४२, ३८ आणि ४६, एकूण १२६. सहा महिन्यांनी १४, ११ आणि १३, एकूण ३८. घट ८८, ८८ भागिले १२६ गुणिले १०० म्हणजे सुमारे ७० टक्के. शक्य असेल तर फोटोंच्या तारखा झाकून दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्या. पैसे भरलेल्या माणसाचे डोळे आशेने मोजतात.

दोन यंत्रांची थेट गाठ घालायची असेल तर उजवा पाय एकाला, डावा दुसऱ्याला. कोणता कोणाला हे नाणं उडवून ठरवा. दोन्हीकडे सिटिंगची संख्या आणि मधलं अंतर सारखं हवं, निदान चार सिटिंग हवीत, आणि जमल्यास हातही एकाच माणसाचा हवा. चेहऱ्यावर हा प्रयोग करू नका. तिथे हॉर्मोनचा खेळ इतका असतो की यंत्राचं श्रेय कोणतं आणि शरीराचं कोणतं ते वेगळं काढता येत नाही.

एका सिटिंगवरून निवाडा का करायचा नाही? लेझरची पकड मुख्यतः वाढीच्या टप्प्यातल्या केसांवर बसते. पाठ्यपुस्तकी अंदाजाने पायांवर एका वेळी असे केस पाचातला एक, वरच्या ओठावर अर्ध्याहून जास्त. बाकीचे आपल्या पाळीची वाट बघत असतात. म्हणून चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांचं अंतर, अंगाला सहा ते आठ, पायांना त्याहून थोडं जास्त, आणि एकूण सहा ते आठ सिटिंग. घाई करून दर पंधरा दिवसांनी व्यावसायिक लेझर मारून घेतला तर तेच केस पुन्हा भाजतात, नवे सापडत नाहीत.

सिटिंगच्या आधी आणि त्या दिवशी

चार ते सहा आठवडे आधीपासून केस मुळासकट काढणं बंद. मूळ जागेवर नसेल तर तापणार काय? रेझर चालतो, नव्हे, हवाच. १२ ते २४ तास आधी साफ करा. वर केस राहिले तर ते त्वचेवरच जळतात, ऊर्जा तिथेच संपते आणि हँडपीसच्या काचेवर काजळी धरते. तीच काजळी पुढच्या शॉटला डाग देते, म्हणून काच मधून मधून पुसली जाते की नाही याकडे लक्ष ठेवा.

चार आठवडे ऊन टाळा आणि किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावा. रापलेल्या त्वचेवर मागच्याच सेटिंगने काम करणं हे भाजण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. रेटिनॉइड क्रीम आठवडाभर आधी थांबवा. आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिन किंवा उन्हाने त्वचा चिडवणारं कोणतंही औषध चालू असेल, ओठावर नागीण उठत असेल किंवा पूर्वी सोन्याच्या क्षारांचे उपचार झाले असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा. गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलतात. गोंदणावर लेझर कधीच नाही. शाईची रेघही पुसून टाकावी लागते, कारण काळी शाई केसाहून जोरात तापते. आखणी पांढऱ्या पेन्सिलीनेच करायची.

भुवया आणि पापण्यांच्या आसपास, म्हणजे डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या आत, लेझर नको. चष्मा घालूनही तिथे मारलेल्या झोताने बुबुळाला इजा आणि मोतीबिंदू झाल्याच्या नोंदी आहेत. चष्म्यावर छापलेली तरंगलांबी आणि यंत्राची तरंगलांबी जुळते का, ते वाचा. ७५५ चा चष्मा १०६४ ला उपयोगाचा असेलच असं नाही. केस जळताना येणारा गंधकासारखा वास नुसता वास नसतो, तो धूर फुफ्फुसात जाऊ नये. धूर ओढणारी नळी हवी.

बधिर करणारं क्रीम जपून वापरा. दोन्ही पायांना थर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळल्यावर औषध रक्तात जाऊन मृत्यू झाल्यानंतर २००७ मध्ये एफडीएने याविषयी इशारा दिला होता. छोट्या जागेला, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ठीक. सगळ्या अंगाला नाही.

पहिल्या सिटिंगआधी टेस्ट पॅच घ्याच. त्याच भागात, वाढत्या ऊर्जेचे तीन ठिपके. गोऱ्या त्वचेला ४८ तास थांबणं पुरे. सावळ्या त्वचेला निदान आठवडा, कारण डाग उशिरा उमटतात. बरोबर मात्रेची खूण अशी: पाच-दहा मिनिटांत प्रत्येक केसाभोवती छोटी लालसर गांधी उठते आणि काही तासांत, फार तर दोन दिवसांत, जाते. काहीच उठलं नाही तर मात्रा बहुधा कमी. त्वचा राखाडी किंवा पांढरी पडली, किंवा चोळल्यावर वरचा थर सरकला, तर तिथेच थांबायचं.

बिघडतं ते कुठे

पट्टे राहतात: झोताचे ठसे एकमेकांना लागून पडले नाहीत. गोल स्पॉटमध्ये साधारण दहा टक्के एकावर एक यायलाच हवेत. तीन आठवड्यांनी गळती झाल्यावर केसांचे नीट आखीव पट्टे किंवा चंद्रकोरी दिसल्या तर दोष यंत्राचा नव्हे, हाताचा. फोटो काढून ठेवा आणि तेवढी जागा पुन्हा करून मागा.

भाजतं: वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बर्फ थेट लावू नका, फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वेळी तरंगलांबी मोठी, पल्स लांब किंवा ऊर्जा कमी; आणि डाग पूर्ण जाईपर्यंत त्या जागी काहीच नाही.

केस वाढतात: हो, असंही होतं. विशेषतः गाल, हनुवटीची कड आणि मानेवर, सावळ्या त्वचेत, हॉर्मोनचा त्रास असताना. कमी पडलेली ऊर्जा झोपलेल्या लवेला जागं करते, असं मानलं जातं. म्हणून गालावरच्या लवेवर ‘जाता जाता’ लेझर मारून घेण्याचा मोह टाळा. वाढ दिसली तर मात्रा तीच ठेवून आणखी सिटिंग घेत बसू नका. तरंगलांबी आणि ऊर्जा दोन्हींचा फेरविचार करायला लावा.

काहीच होत नाही: तीन सिटिंगनंतर मोजणीत चुकीपलीकडचा फरक नसेल, तर आधी नोंदीतले तीन आकडे बघा. दर वेळी तीच कमी ऊर्जा लिहिलेली असेल तर सहन होईल तितकी वाढवायला सांगा. ऊर्जा पुरेशी असूनही गांधी उठत नसतील तर यंत्राची तपासणी विचारा. गांधी उठतात, केस गळतात आणि तरी हनुवटीवर नवे राठ केस येतच राहतात, तर यंत्र बदलण्याआधी हॉर्मोनची तपासणी करून घ्या. पीसीओएसमध्ये, म्हणजे बायकांमधल्या अंडाशय-हॉर्मोनच्या विकारात, लेझर आजचे केस काढतो, उद्याचे थांबवत नाही.

आणि आठ सिटिंगनंतर जे विरळ, फिकट, हट्टी केस उरतात, त्यांच्यासाठी नववं-दहावं सिटिंग विकत घेऊ नका. त्यांच्यात प्रकाशाला धरायला मेलॅनिन फारसं उरलेलं नसतं. तेवढे केस इलेक्ट्रोलिसिसवाल्याकडे न्या.